अणुभट्टीच्या भागांसाठी सर्वांत गंजरोधक मिश्रधातू कोणता?

प्रश्न मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: अणुभट्टीसाठी सर्वांत गंजरोधक मिश्रधातू कोणता? स्टेनलेस स्टील गंजत नाही म्हणतात, तर इंधनाच्या नळ्यांना झिर्कोनियमसारखा महागडा धातू कशाला? टायटॅनियम का चालत नाही? आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमेल असा या विषयातला प्रकल्प कोणता घ्यावा?

माझी नोकरीची बहुतेक वर्षं गंजलेले आणि तडकलेले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेली, म्हणून उत्तर त्या बाजूने देतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका नावात देता येत नाही. पुस्तकातले तक्ते पाहिले की वाटतं, गंजाला टिकणं हा धातूचा अंगचा गुण आहे. प्रत्यक्षात तो धातू आणि त्याला भिडणारं पाणी या जोडीचा गुण आहे. वेल्डिंगने मागे ठेवलेला ताण, तापमान आणि न्यूट्रॉनचा मारा यांचाही त्यात वाटा असतो. यातली एक गोष्ट बदलली की दुसरीकडे तीस वर्षं टिकलेला मिश्रधातू इथे पाच वर्षांत चिरा धरतो. त्यामुळे कोणी मला ‘हा मिश्रधातू चांगला का?’ असं विचारलं, तर मी आधी पाण्याचं विश्लेषण मागतो: विरघळलेला ऑक्सिजन किती, पीएच किती, क्लोराइड किती.

स्टेनलेसपासून सुरुवात करू, कारण ‘गंजत नाही’ हा समज तिथेच सर्वांत पक्का आहे. ३०४ जातीच्या स्टेनलेसमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियम पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा तयार करतं आणि धातू त्याच्या आड सुरक्षित राहतो. त्यासाठी धातूत निदान १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम लागतं, आणि तेही प्रत्येक ठिकाणी. सरासरी १८ टक्के असून भागत नाही. ३०४ मध्ये ०.०८ टक्क्यांपर्यंत कार्बन असू शकतो. वेल्डिंग करताना जोडापासून काही मिलिमीटरवरचा पट्टा ५०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यातून जातो. त्या तापमानात कार्बन कणसीमांवर, म्हणजे धातूतल्या सूक्ष्म स्फटिककणांच्या मधल्या सीमांवर, येऊन क्रोमियमशी बांधला जातो आणि क्रोमियम कार्बाइड तयार होतं. ज्या क्रोमियमने धातूचं रक्षण करायचं, ते कार्बाइडमध्ये अडकतं आणि कणसीमेलगतची अरुंद पट्टी क्रोमियमला मुकते. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. पाइप बाहेरून चकचकीतच दिसतो.

हा पाइप उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत बसवला की काय होतं ते पाहा. गाभ्यातल्या किरणोत्सारामुळे पाण्याच्या रेणूंचं विघटन होतं. सुटलेला हायड्रोजन बराचसा वाफेबरोबर निघून जातो. फिरणाऱ्या पाण्यात अब्जात दोनशे भागांच्या आसपास ऑक्सिजन राहतो, शिवाय हायड्रोजन पेरॉक्साइड. आकडा किरकोळ वाटतो, पण २८० अंशांच्या पाण्यात तो पुरेसा आहे. सेन्सिटाइज झालेली कणसीमा, वेल्डिंगचा शिल्लक ताण आणि ऑक्सिजनयुक्त पाणी हे तिन्ही एकत्र आले की चीर कणसीमांवरून वाट काढत भिंतीच्या जाडीतून आत शिरते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक अशा अणुभट्ट्यांत या चिरा सापडल्या. आपल्याकडे तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या याच जातीच्या, १९६९ मध्ये सुरू झालेल्या. तिथल्या दुय्यम स्टीम जनरेटरच्या नळ्यांनी इतका त्रास दिला की ते वापरातून काढावे लागले आणि प्रत्येक युनिटची क्षमता २१० मेगावॉटवरून १६० मेगावॉटवर आणावी लागली. गाभ्यातून पाणी फिरवणारे पाइप बदलण्याचं काम अलीकडच्या काळात हाती घ्यावं लागलं, तेही याच कुटुंबातल्या दुखण्यामुळे.

यावरचे उपाय दोन बाजूंनी आले, आणि मला हा भाग शिकवायला सर्वांत आवडतो. एक बाजू धातूची: कार्बन ०.०३ टक्क्यांखाली आणलेलं ३०४एल. त्यापुढे कार्बन आणखी कमी करून, ताकद भरून काढण्यासाठी नायट्रोजन घातलेलं ३१६एलएन. दुसरी बाजू पाण्याची: येणाऱ्या पाण्यात मुद्दाम हायड्रोजन सोडायचा, म्हणजे ऑक्सिजनची त्याच्याशी पुन्हा जोडी जमते आणि धातूचं विद्युत-रासायनिक विभव उणे २३० मिलिव्होल्टच्या खाली जातं. तेवढं केलं की जुन्या, सेन्सिटाइज झालेल्या पाइपमध्येही चीर वाढण्याचा वेग पुष्कळ मंदावतो. धातू तोच, पाइप तोच, फक्त पाणी बदललं. ज्या अणुभट्ट्यांत पाणी उकळत नाही आणि त्यात पहिल्यापासून हायड्रोजन विरघळवलेला असतो, तिथे तेच ३०४ कितीतरी चांगलं वागतं.

सेन्सिटायझेशन डोळ्यांनी पाहायचं असेल तर साधी चाचणी आहे. नमुना आरशासारखा पॉलिश करायचा, दहा टक्के ऑक्झॅलिक अॅसिडच्या द्रावणात बुडवायचा, आणि दर चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर प्रवाह दीड मिनिट द्यायचा. मग धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. निरोगी धातूत शेजारशेजारचे कण वेगवेगळ्या वेगाने खोदले जातात, त्यामुळे त्यांच्यामध्ये फक्त पायऱ्या दिसतात. सेन्सिटाइज झालेल्या धातूत प्रत्येक कणाभोवती काळी खोल खाच दिसते. ती कणाला पूर्ण वेढा घालून आलेली असेल तर तुकडा पुढच्या कडक चाचणीसाठी पाठवायचा किंवा नाकारायचा. एकदा आमच्याकडे एका पुरवठादाराचे वेल्ड केलेले तुकडे आले होते. कागदावर ३०४एल लिहिलेलं होतं आणि खाचा मात्र अखंड होत्या. रासायनिक विश्लेषणात कार्बन ०.०६ टक्के निघाला. तेव्हापासून मी टेस्ट सर्टिफिकेटवरच्या हीट नंबरची (धातूच्या एका वितळणीच्या क्रमांकाची) प्लेटवर ठोकलेल्या नंबराशी ताडणी केल्याशिवाय नमुना हातात घेत नाही, आणि तुम्हीही ही सवय आत्तापासून लावून घ्या.

आता झिर्कोनियम. त्याची निवड गंजामुळे झाली असं अनेकांना वाटतं. खरं तर आधी न्यूट्रॉनमुळे झाली आणि गंजाची बाजू नंतर जुळवून आणली गेली. धातू न्यूट्रॉन किती गिळतो हे बार्न या एककात मोजतात. मंद न्यूट्रॉनसाठी झिर्कोनियमचा आकडा ०.१८, लोखंडाचा सुमारे २.६, निकेलचा ४.५ आणि टायटॅनियमचा ६.१. टायटॅनियम का नाही, याचं उत्तर इथेच मिळालं. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांसाठी टायटॅनियम अप्रतिम आहे, कारण तिथे न्यूट्रॉनचा संबंध नाही. गाभ्यात ते इंधनाचा हिस्सा खाऊन टाकेल. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, ज्यात युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. तिथे एकेका न्यूट्रॉनचा हिशेब असतो. गाभ्यात स्टेनलेसच्या नळ्या घातल्या तर साखळी प्रक्रिया टिकणारच नाही. समृद्ध युरेनियम वापरणाऱ्या काही सुरुवातीच्या अमेरिकी अणुभट्ट्यांनी इंधनाला स्टेनलेसची आवरणं वापरली होती. त्यांना ते परवडलं.

झिर्कोनियममध्ये एक मोठी अडचण आहे. निसर्गात ते एक ते तीन टक्के हाफ्नियमबरोबर मिळतं आणि हाफ्नियमचा आकडा १०० बार्नच्या वर आहे. दोन्ही धातू रसायनशास्त्राच्या दृष्टीने इतके सारखे की वेगळे करणं जिकिरीचं. सुरुवातीला झिर्कोनियमचं न्यूट्रॉनशोषण जास्त मोजलं गेलं, कारण नमुन्यात हाफ्नियम होतं. ते वेगळं काढल्यावर खरा आकडा कळला आणि अमेरिकेच्या पाणबुडी अणुभट्टीच्या कार्यक्रमाने हा धातू उचलला. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूतून झिर्कॉन मिळतं, आणि हाफ्नियम वेगळं करण्यापासून तयार नळीपर्यंतचं काम हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये होतं. ही साखळी देशात उभी राहिली नसती तर जड पाण्याच्या अणुभट्ट्यांचा आपला कार्यक्रम बाहेरच्यांच्या मर्जीवर राहिला असता. या कामाची माहिती बाहेर फार कमी लोकांना आहे, याचं मला वाईट वाटतं.

शुद्ध झिर्कोनियम गरम पाण्यात कसं वागेल याचा भरवसा नसतो. एक नमुना उत्तम टिकतो, दुसऱ्यावर पांढरा भुगा येतो. थोडं कथील घातल्यावर नायट्रोजनसारख्या अशुद्धींचा त्रास कमी झाला. नंतर एका वितळणीत चुकून थोडं स्टेनलेस मिसळलं गेलं, आणि तो नमुना बाकीच्यांपेक्षा चांगला टिकला. त्यातून लोह, क्रोमियम आणि निकेल थोड्या प्रमाणात मुद्दाम घालून झिर्कॅलॉय-२ तयार झाला. तो पाण्यातला हायड्रोजन जास्त शोषतो असं दिसल्यावर निकेल काढून लोह वाढवलं आणि झिर्कॅलॉय-४ आला. रशियनांनी आणि कॅनेडियनांनी नायोबियमची वाट धरली. इंधनासाठी १ टक्का नायोबियम, आणि दाब सहन करणाऱ्या नळ्यांसाठी अडीच टक्के.

कारखान्यातून आलेल्या नळीचा तुकडा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे बंद दाबपात्रात, घालतात: ४०० अंशांची वाफ, १०.३ मेगापास्कल दाब, तीन दिवस. बाहेर काढल्यावर तो काळा, चकचकीत आणि एकसारखा दिसला पाहिजे. पांढरट ठिपके, तपकिरी पट्टे किंवा धुरकट कडा दिसल्या की वजन करण्याआधीच शंका घ्यायची. मग वजनवाढ बघायची. झिर्कॅलॉयसाठी तीन दिवसांत दर चौरस डेसिमीटरला २२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, चौदा दिवसांत ३८ पेक्षा जास्त नको. १५ मिलिग्रॅम म्हणजे साधारण १ मायक्रॉन ऑक्साइड, तेव्हा ही सगळी झुंज दोन-अडीच मायक्रॉनच्या थराची असते. थर तेवढा होईपर्यंत ऑक्साइड घट्ट असतो आणि वाढ हळूहळू मंदावते. साधारण त्याच जाडीला थरात बारीक भेगा पडतात आणि पुढची वाढ जवळपास एकाच वेगाने चालू राहते. इंधनाच्या आवरणाची भिंत जड पाण्याच्या अणुभट्टीत फक्त ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून या मायक्रॉनांना एवढी किंमत.

पण झिर्कोनियमचा खरा शत्रू गंज म्हणून दिसत नाही. झिर्कोनियम पाण्यातला ऑक्सिजन घेतं तेव्हा हायड्रोजन सुटतो आणि त्याचा काही भाग धातूत शिरतो. जड पाणी असेल तर ड्युटेरियम शिरतं, परिणाम तोच. ३०० अंशांना धातू दशलक्षात साठ-सत्तर भाग हायड्रोजन विरघळवून घेऊ शकतो. खोलीच्या तापमानाला एक भागही नाही. अणुभट्टी थंड झाली की जास्तीचा हायड्रोजन हायड्राइडच्या पातळ पत्र्यांच्या रूपात बाहेर पडतो, आणि हायड्राइड ठिसूळ असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते काळ्या धाग्यांसारखे दिसतात. त्यांची संख्या पाहायचीच, पण त्याहून आधी त्यांची दिशा पाहायची. धागे नळीच्या परिघाला समांतर असतील तर फारसं बिघडत नाही. ते आडवे वळून भिंतीच्या जाडीत उभे राहिले, तर प्रत्येक धागा ही चिरेची तयार वाट असते. म्हणूनच नळी ओढताना आणि दाबताना कणांची ठेवण कशी बसते यावर कारखान्यात इतकं लक्ष देतात.

शिवाय हायड्रोजन जागेवर थांबत नाही. तो थंड जागेकडे आणि ताणाकडे सरकतो, गार पेल्यावर बाहेरून थेंब जमावेत तसा. जड पाण्याच्या अणुभट्टीत गरम पाणी वाहणारी प्रेशर ट्यूब असते. तिच्याबाहेर थंड कॅलेंड्रिया ट्यूब असते आणि दोघींमध्ये वायूची फट. ही फट राखायला गार्टर स्प्रिंगची कडी बसवलेली असते. कडी सरकली तर प्रेशर ट्यूब वर्षानुवर्षांच्या वजनाने आणि न्यूट्रॉनच्या माऱ्याने झुकते आणि थंड नळीला टेकते. टेकलेल्या ठिकाणी हायड्रोजन गोळा होऊन हायड्राइडचा फोड तयार होतो. १ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातल्या पिकरिंगच्या दुसऱ्या युनिटमध्ये झिर्कॅलॉय-२ ची प्रेशर ट्यूब अशाच फोडांमुळे साधारण दोन मीटर लांबीवर फाटली. अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करता आली. त्यानंतर झिर्कॅलॉय-२ च्या प्रेशर ट्यूबचे दिवस संपले. अडीच टक्के नायोबियमचा मिश्रधातू हायड्रोजन बराच कमी शोषतो, त्यामुळे आपल्याकडेही पुढच्या अणुभट्ट्यांत तो आला. बऱ्याच जुन्या अणुभट्ट्यांतल्या नळ्या बदलण्यात आल्या, आणि दोन सैल कड्यांऐवजी चार घट्ट बसणाऱ्या कड्या आल्या.

मग प्रश्न सुटला का? ११ मार्च २०१६ रोजी गुजरातमधल्या काक्रापारच्या पहिल्या युनिटमध्ये एका प्रेशर ट्यूबमधून गळती झाली. आदल्या वर्षी दुसऱ्या युनिटमध्येही झाली होती. दोन्हीकडच्या नळ्या नायोबियमच्या नव्या मिश्रधातूच्या. तपासात नळ्यांच्या बाहेरच्या बाजूला ठिकठिकाणी गंजाचे डाग सापडले, म्हणजे ज्या बाजूला पाणी नाही, फक्त फटीतला कार्बन डायऑक्साइड फिरतो, त्या बाजूला. आतल्या बाजूची, पाण्याची, सगळी काळजी घेतलेली होती. अखेर दोन्ही अणुभट्ट्यांच्या प्रत्येकी ३०६ वाहिन्या, म्हणजे सगळ्या प्रेशर ट्यूब, बदलाव्या लागल्या. दुसरं युनिट २०१८ मध्ये आणि पहिलं २०१९ मध्ये परत सुरू झालं. धातूला भिडणारी प्रत्येक गोष्ट मोजा असं मी सांगतो ते यासाठी. वायूही त्यात आला.

गाभ्यातल्या पाण्याच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या स्टीम जनरेटरच्या नळ्यांची गोष्ट निकेलची आहे. तिथे एका बाजूला किरणोत्सारी पाणी, दुसऱ्या बाजूला टर्बाइनकडे जाणारं स्वच्छ पाणी, आणि मध्ये एक-सव्वा मिलिमीटरची भिंत. स्टेनलेस क्लोराइडने तडकतं, म्हणून जग मिश्रधातू ६०० कडे वळलं: सत्तर टक्क्यांहून जास्त निकेल आणि साधारण १५ टक्के क्रोमियम. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगातल्या आंरी कोरियू यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं की भरपूर निकेल असलेला हा मिश्रधातू ३५० अंशांच्या शुद्ध पाण्यातही तडकतो. क्लोराइड लागत नाही, ऑक्सिजनही लागत नाही. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. पुढे जगभरात हजारो नळ्या बुजवाव्या लागल्या आणि अख्खे स्टीम जनरेटर कापून बदलावे लागले. १९९१ मध्ये फ्रान्सच्या ब्यूजे-३ अणुभट्टीत गाभ्याच्या पात्राच्या झाकणातून जाणाऱ्या ६०० च्या नळीला चीर सापडली. मार्च २००२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेव्हिस-बेसी अणुभट्टीत जे सापडलं ते मी प्रत्येक नव्या तुकडीला शिकवत असे. तशाच एका नळीच्या चिरेतून बोरिक अॅसिड मिसळलेलं पाणी थेंब थेंब झिरपत राहिलं. वर सुकलं, घट्ट झालं, आणि झाकणाचं सुमारे साडेसहा इंच जाडीचं पोलाद खात गेलं. उरलं फक्त आतलं स्टेनलेसचं अस्तर, एक सेंटिमीटरहून कमी जाडीचं, आणि त्यावर हवेच्या दीडशेपट दाब. त्या अस्तराने तो दाब पेलला हे सुदैव. चीर निकेल मिश्रधातूला पडली, खड्डा मात्र शेजारच्या साध्या पोलादाला पडला. आजूबाजूला गंजाच्या खुणा दिसत असताना मुळाशी कोणी गेलं नाही.

आता नव्या पाश्चिमात्य संयंत्रांत साधारण ३० टक्के क्रोमियमचा मिश्रधातू ६९० वापरतात आणि त्याचा अनुभव आतापर्यंत चांगला आहे. आपण वेगळ्या वाटेने गेलो. राजस्थान आणि मद्रासच्या सुरुवातीच्या अणुभट्ट्यांत मोनेल ४०० होता, म्हणजे निकेल आणि तांबं. उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुभट्ट्यांपासून इंकोलॉय ८०० आला, ज्यात निकेल फक्त ३२-३३ टक्के आणि क्रोमियम २१ टक्के. निकेल फार कमी असलं तर मिश्रधातू क्लोराइडने तडकतो आणि फार जास्त असलं तर शुद्ध पाण्यात तडकतो, त्यामुळे मधलं प्रमाण निवडणं शहाणपणाचं होतं. माझ्या मते आपल्या निवडींपैकी ही सर्वांत समजूतदार निवड आहे.

साध्या कार्बन स्टीलकडे विद्यार्थी पाहतच नाहीत, म्हणून दोन शब्द. अणुभट्टीतले पुष्कळ पाइप त्याचेच असतात आणि त्याच्यावर मॅग्नेटाइटचा काळा थर असतो. पाणी वेगाने वळतं तिथे हा थर विरघळत राहतो आणि पाइप एकसारखा पातळ होत जातो. चीर नाही, गळती नाही, आणि मग एके दिवशी फुटतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सरी इथे अशाने चार माणसं गेली. ९ ऑगस्ट २००४ रोजी जपानच्या मिहामा-३ मध्ये पाच गेली. मिहामाचा पाइप १० मिलिमीटरचा होता, फुटला तिथे १.४ मिलिमीटर उरला होता, आणि १९७६ पासून त्या जागेची जाडी कोणी मोजलीच नव्हती, कारण ती तपासणीच्या यादीत नव्हती. किरणोत्साराचा त्यात काही संबंध नव्हता. ही माणसं गरम पाण्याने आणि वाफेने भाजून गेली. यावर महागडा मिश्रधातू लागत नाही. पोलादात ०.२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलं तरी पातळ होण्याचा वेग कितीतरी कमी होतो. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या फीडर पाइपसाठी (प्रेशर ट्यूबमध्ये पाणी नेणाऱ्या-आणणाऱ्या पाइपसाठी) नंतर तसंच पोलाद घेतलं गेलं.

कोबाल्टही लक्षात ठेवा. व्हॉल्व्हच्या बसकांवर स्टेलाइट नावाचा कोबाल्टचा कठीण मिश्रधातू चढवतात. तो गंजतो अत्यंत कमी, पण सुटलेले कण गाभ्यातून फिरून येतात तेव्हा कोबाल्ट-६० झालेले असतात, सव्वापाच वर्षांच्या अर्धायुष्याचे. ते पाइपच्या आतल्या थरात बसतात आणि दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाला किरणोत्साराची मात्रा देतात. म्हणून अणुभट्टीसाठीच्या स्टेनलेसच्या खरेदीत कोबाल्टवर वेगळी मर्यादा घातलेली असते. जो गंज पाइपला काहीच करत नाही, तो वेल्डरला करतो.

पाण्याऐवजी दुसरं काही असेल तर सगळं पुन्हा मांडावं लागतं. कल्पक्कमच्या सोडियमने थंड केल्या जाणाऱ्या अणुभट्ट्यांत ३१६ कुटुंबातलं स्टेनलेस उत्तम चालतं, मात्र सोडियममधला ऑक्सिजन दशलक्षात काही भागांवर धरून ठेवावा लागतो. वितळलेल्या फ्लोराइड क्षारात तर क्रोमियमच आधी विरघळतं, त्यामुळे ज्या क्रोमियमवर आपण आतापर्यंत भरवसा ठेवला ते तिथे कमीत कमी लागतं. १९६५ ते १९६९ या काळात अमेरिकेतल्या ओक रिजला चाललेल्या अशा अणुभट्टीत फक्त सात टक्के क्रोमियमचा, निकेलवर आधारलेला हॅस्टेलॉय-एन वापरला गेला. तो क्षाराला टिकला आणि विखंडनातून निघालेल्या टेल्युरियमने मात्र त्याच्या कणसीमा तडकवल्या.

तुमचा प्रकल्प. झिर्कोनियम, ऑटोक्लेव्ह, उच्च तापमानाचं पाणी यांच्या मागे लागू नका. कॉलेजात ते सुरक्षितपणे होणार नाही आणि आकडे विश्वासार्ह येणार नाहीत. ३०४ आणि ३०४एल घ्या. ३०४ ची प्लेट निवडताना सर्टिफिकेटवर कार्बन ०.०५ टक्क्यांच्या वर आहे ना ते पाहा. आजकाल बाजारातलं पुष्कळ ३०४ प्रत्यक्षात कमी कार्बनचं असतं आणि मग फरक दिसतच नाही. दोन्हींचे तुकडे ६७५ अंशांना एक तास, दहा तास असे वेगवेगळ्या वेळांसाठी भट्टीत ठेवा. काही तुकडे जसे आले तसेच राखून ठेवा. वर सांगितलेली ऑक्झॅलिक अॅसिडची चाचणी करा, २५० ते ५०० पट मोठं करून फोटो घ्या, आणि किती कणांना पूर्ण वेढा पडला ते मोजा. पोटेन्शिओस्टॅट (विभव नेमकं राखणारं उपकरण) मिळाला तर दुहेरी फेऱ्याची ईपीआर चाचणी, म्हणजे सेन्सिटायझेशन विद्युतप्रवाहावरून मोजणारी चाचणी, जोडा, म्हणजे डोळ्यांनी मोजलेल्या वेढ्यांशी तुलना करायला एक आकडा मिळेल. एका वेल्ड केलेल्या तुकड्याचा जोडापासून आडवा छेद घेऊन दर मिलिमीटरला फोटो घ्या, खाचा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते दिसेल. ऑक्झॅलिक अॅसिड विषारी आहे आणि प्रवाह चालू असताना त्याचा फवारा उडतो, तेव्हा फ्यूम हूड, चष्मा आणि हातमोजे हवेत. द्रावण ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. जास्त तापलं तर खोदाई बदलते आणि निकाल वाचता येत नाही.